घरात नळ नसलेल्या वस्तीला पाणी द्यायचे तर: रांगेच्या गणितापासून बिलापर्यंत

वस्तीला पाणी द्यायचे ठरले की बैठकीत पहिला प्रश्न येतो तो पाइप किती इंची टाकायचा याचा. खरे तर तो पाचवा-सहावा प्रश्न आहे. आज पाणी कुठून येते, भरायला किती वेळ जातो, पैसे कुणाच्या हातात जातात, नवी जोडणी कुणाच्या नावावर होणार आणि सकाळी सातला रांगेत किती भांडी असतील, हे आधी समजायला हवे. कागदोपत्री 'अनधिकृत' असलेल्या वस्तीतली योजना बहुधा पाइपापायी बंद पडत नाही. बिल थकते, किल्ली एकाच घरात अडकून बसते, नाहीतर गर्दीचा हिशेब चुकलेला असतो. हा लेख वस्ती समित्या, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्था आणि पाणीखात्यातले अभियंते यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

आधी बादली आणि घड्याळ घेऊन फिरा

नकाशा, सर्वेक्षण, बैठका हे सगळे करा, पण त्याआधी एक 20 लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ घेऊन पाण्याच्या वेळेला वस्तीत जा. बादली 2 मिनिटे 40 सेकंदांत भरली, तर त्या तोटीचा प्रवाह मिनिटाला साडेसात लिटर आहे. हेच माप पाणी आल्या आल्या, मध्यावर आणि पाणी जायच्या आधी घ्या. सगळ्यात उंचावरच्या गल्लीत एकदा आणि सगळ्यात खालच्या गल्लीत एकदा घ्या. कागदावर 'दोन तास पुरवठा' असतो. वरच्या गल्लीत तो वीस मिनिटांचाही निघू शकतो.

दुसरे माप वेळेचे. घराच्या दारातून निघून पाणी घेऊन परत दारात येईपर्यंतचा वेळ मोजायचा, रांगेसकट. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमात 30 मिनिटांची रेघ आखलेली आहे. स्रोत सुरक्षित असला तरी येऊन-जाऊन आणि रांग धरून त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर ती सेवा 'मूलभूत' न धरता 'मर्यादित' धरली जाते. नळ पन्नास पावलांवर असून रांग पाऊण तासाची असेल, तर अंतराचा आकडा काही सांगत नाही.

तिसरे माप पैशांचे. लोक हंड्याला, कॅनला, पिंपाला काय मोजतात ते लिहा आणि दर हजार लिटरमध्ये बदला. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या मानव विकास अहवालाने नोंदवले होते की झोपडवस्तीतले लोक त्याच शहरातल्या सधन घरांपेक्षा लिटरमागे बहुतेक वेळा पाच ते दहा पट जास्त मोजतात. 'हे लोक पैसे देणार नाहीत' असे कुणी म्हणाले की तुमच्या वस्तीचा हा आकडा समोर ठेवा.

विचारपूस करताना मालक आणि भाडेकरू यांना वेगवेगळे विचारा. पाणी भरणाऱ्या बाया-मुलींशी पुरुष आसपास नसताना बोला. एकटी राहणारी म्हातारी माणसे, रात्रपाळीवाले, कालपरवा आलेली कुटुंबे पाणी कुठून आणतात हे मुद्दाम शोधा. बैठकीला येणाऱ्यांत ही माणसे नसतात.

एक सावधगिरी. चोरीच्या जोडण्या, खासगी बोअर आणि टँकरवाल्यांचा धंदा नकाशावर दिसणारच, पण माणसांची नावे लिहू नका. पाण्यात पैसा असतो आणि तो दुखावला की गंभीर होते. कराचीत वस्त्यांसाठी काम करणाऱ्या ओरंगी पायलट प्रोजेक्टच्या संशोधन संस्थेच्या संचालक परवीन रहमान जमिनींवरचे कब्जे आणि पाण्याची चोरी यांच्या नोंदी करत होत्या; 13 मार्च 2013 रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. आज पाणी विकणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात बोलवा. त्यांच्यापैकी काहींना नव्या व्यवस्थेत नळ चालवण्याचे किंवा पाइप दुरुस्तीचे काम देता येते, आणि त्यांना वस्तीतली प्रत्येक लाइन तोंडपाठ असते.

किती पाणी, किती तोट्या

इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून जरा थांबू.

आपत्तीतल्या मदतकार्यासाठी स्फिअर मानके वापरतात: माणशी दिवसाला किमान 15 लिटर, एका तोटीवर जास्तीत जास्त 250 माणसे, अंतर 500 मीटरच्या आत, रांग 30 मिनिटांपेक्षा जास्त नको. हे आकडे वस्तीच्या योजनांत सर्रास उचलले जातात. पण 250 माणसांचे 15 लिटर म्हणजे 3,750 लिटर. साडेसात लिटरच्या तोटीतून ते काढायला 500 मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात. तोटी दिवसभर वाहते हे गृहीत धरलेले आहे. तुमच्याकडे पाणी दोन तासच येत असेल, तर तीच तोटी 900 लिटर देते आणि 15 लिटरच्या हिशेबानेही फक्त 60 माणसांना पुरते. शिवाय 15 लिटर हा संकटकाळातला तळ आहे. वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसांना आंघोळ, कपडे, संडास धरून निदान 30 लिटर तरी द्यायचे असे धरा आणि 50 कडे जायचा रस्ता मोकळा ठेवा.

आता एक वस्ती घेऊ: 200 कुटुंबे, 1,000 माणसे, माणशी 30 लिटर. रोजची गरज 30,000 लिटर. गळती आणि सांडलवंड धरून आत 36,000 लिटर यायला हवेत. तोट्या मात्र दिवसाच्या सरासरीवर काढू नका, सकाळच्या गर्दीवर काढा. निम्मे पाणी सकाळच्या तीन तासांत भरले जाते असे धरले, तर 180 मिनिटांत 15,000 लिटर, म्हणजे मिनिटाला 83 लिटर. साडेसातने भागले की 11 तोट्या. पण भांडे उचलणे, दुसरे लावणे, चुंबळ सावरणे यात पाचातला एक हिस्सा वेळ रिकामा जातो, म्हणून 14. एखाददुसरी तोटी कायम दुरुस्तीला असतेच, म्हणून 16. स्फिअरच्या आकड्याला नुसते भागून काम केले असते तर चार तोट्यांवर भागले असते आणि भांडणे रोजची झाली असती.

16 तोट्या म्हणजे चार तोट्यांची चार नळकोंडाळी. सगळी वस्तीच्या तोंडाशी रांगेने बांधू नका. गल्ल्यांत विखरून द्या.

पाणी थोडाच वेळ येत असेल तर साठवण हाच उपाय. प्रत्येक कोंडाळ्याला 10,000 लिटरची टाकी धरली, तर 40,000 लिटर होतात आणि पाणी कधीही येवो, लोक आपल्या सोयीने भरतात. 36,000 लिटर तीन तासांत येणार असतील तर लाइनमधून ताशी 12,000 लिटर यायला हवेत. पाइपाच्या व्यासाचा प्रश्न आत्ता येतो, आणि आता त्याला उत्तर आहे.

जोडणी कुणाच्या नावावर?

पाणीखात्याचा अर्ज जमिनीचा कागद मागतो आणि वस्तीकडे तो नसतो. यावर जगभर वेगवेगळ्या वाटा निघाल्या आहेत.

ढाक्यात दुस्थ स्वास्थ्य केंद्र या संस्थेने 1990 च्या दशकात जामीनदार म्हणून उभे राहून वस्त्यांना जोडण्या मिळवून दिल्या. बिल वेळेवर भरले जाते हे दिसल्यावर पुढे वस्तीच्या संघटनांच्याच नावावर जोडणी देणे शक्य झाले. मनिलात मनिला वॉटर कंपनीने 1998 मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात जमिनीच्या कागदाची अटच बाजूला ठेवली. केनियातल्या किसुमू शहरात पाणी कंपनी वस्तीच्या कडेपर्यंत लाइन आणते, तिथे घाऊक मीटर लावते आणि आतले वितरण वस्तीतल्याच गटाकडे किंवा छोट्या व्यावसायिकाकडे सोपवते. ग्राहकांचे मीटर एका कुलूपबंद चेंबरमध्ये एकत्र असतात. त्यामुळे वाचन सोपे जाते आणि चोरीची जागा कमी होते.

कायद्याची बाजू मांडायची असेल तर तीन गोष्टी हाताशी ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क समितीने 2002 मध्ये पाण्याच्या हक्कावर काढलेल्या 15 क्रमांकाच्या सर्वसाधारण टिप्पणीत स्पष्ट लिहिले आहे की घराच्या किंवा जमिनीच्या दर्जावरून कोणत्याही कुटुंबाला पाणी नाकारता येणार नाही. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. आणि न्यायालयीन उदाहरण हवे असेल तर पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर 2014 चा निकाल आहे. झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी पूर्ण नाकारता येत नाही, असे त्यात म्हटले आहे.

व्यवहारात अधिकाऱ्याची खरी भीती वेगळी असते: आज पाणी दिले तर उद्या हे लोक जमिनीवर हक्क सांगतील. ती भीती कागदावरच मिटवा. 'या जोडणीमुळे जमिनीवर कोणताही हक्क निर्माण होत नाही' असे एक वाक्य करारात टाका. बहुतेक फायली त्या वाक्याने हलतात. मात्र त्याच करारात उलट बाजूचे कलमही मागा: ठरावीक दिवसांची लेखी नोटीस आणि पर्यायी सोय यांशिवाय पाणी तोडायचे नाही.

टँकरवर भागवायचे असेल तर

लाइन येईपर्यंत टँकर लागतो, हे मान्य करून तो नीट वापरावा. टँकरमागे धावत प्रत्येकाने आपला पाइप आत सोडणे हा पाणी घाण करण्याचा आणि दणकट घरांनाच पाणी मिळण्याचा हमखास मार्ग आहे. टँकरने टाकीतच रिकामे व्हावे आणि लोकांनी तोटीवर भरावे. टाकीचे तोंड रस्त्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे टँकरचा पाइप जमिनीवर लोळणार नाही. आल्यावर झाकण उघडून मापाच्या काठीने पातळी पाहा, क्लोरिन तपासा, आणि वहीत गाडीचा नंबर, वेळ, भरण्याचे ठिकाण, लिटर लिहून चालकाची सही घ्या. आधी रसायने किंवा तेल वाहिलेली टाकी पिण्याच्या पाण्याला कधीच चालत नाही, धुतली तरी.

वस्तीतल्या उथळ बोअरबद्दल माझे मत कडक आहे. दाट वस्तीत शोषखड्ड्यांचे संडास असतील, तर ते पाणी धुण्या-भांड्यांना घ्या, पिण्याला नको.

कोंडाळे बांधताना

दहा हजार लिटर म्हणजे दहा टन. टाकी चौथऱ्यावर चढवण्याआधी पायाचे डिझाइन अभियंत्याकडून करून घ्या. गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. टाकीचा तळ तोटीपेक्षा तीन मीटर वर असेल तर दाब साधारण 0.3 बार मिळतो. तो टाकीखालच्या तोट्यांना पुरतो, लांबच्या गल्लीला पुरत नाही.

तोटी ओट्यापासून साधारण 55 ते 60 सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे 20 लिटरचा कॅन आणि हंडा दोन्ही खाली बसतात. शेजारी कमरेच्या उंचीचा कट्टा हवा. भरलेले भांडे आधी त्यावर आणि मग डोक्यावर किंवा खांद्यावर घेतले की पाठ वाचते. गरोदर बाई आणि म्हातारा माणूस यांना या कट्ट्याचा किती उपयोग होतो ते आठवडाभर बघा, मग पुढच्या कोंडाळ्यात तो कुणी वगळणार नाही. एक तोटी पायरीविना, सपाट वाटेवर ठेवा. दिवा लावा.

आपोआप बंद होणाऱ्या तोट्या कॅटलॉगमध्ये चांगल्या दिसतात, पण गर्दीच्या जागी लवकर बिघडतात आणि मग कुणीतरी त्यात दगड अडकवून ठेवतो. जाड पितळी साधी तोटी आणि सुटे वायसर यांवर माझा जास्त भरवसा आहे.

सांडपाण्याकडे दुर्लक्ष केले की दोन महिन्यांत कोंडाळ्याचे डबके होते. ओट्याला उतार द्या, नाली काढा आणि ती गटाराला जोडा. शोषखड्डा फक्त पाणी मुरणाऱ्या जमिनीत चालतो. चिकणमातीत तो नुसता भरून राहतो.

सगळ्यात महत्त्वाचे: पाण्याची लाइन गटारातून नेऊ नका. पुरवठा बंद झाला की पाइपात पोकळी तयार होते आणि सैल जोडातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. कुणी लाइनला थेट मोटर लावली की हेच होते, पुरवठा चालू असतानासुद्धा. गटार ओलांडावेच लागले तर वरून, दुसऱ्या मोठ्या पाइपाच्या आतून न्या आणि गटाराच्या अंगावर जोड येऊ देऊ नका. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे, ते नितळ होईपर्यंत, बाहेर सोडून द्या.

क्लोरिन: अंदाजाने नाही, मोजून

मुठीने पावडर टाकणे बंद करा. कधी पाण्याला वास येतो म्हणून लोक ते टाळतात, कधी काहीच उरत नाही. पद्धत अशी:

1. सुमारे 33 टक्के क्लोरिन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर 30 ग्रॅम घ्या, एक लिटर पाण्यात कालवा, गाळ बसू द्या आणि वरचे नितळ द्रावण वेगळे काढा. हे साधारण 1 टक्क्याचे द्रावण झाले. हातमोजे घाला, उघड्यावर करा, आणि फरशी साफ करायचे अॅसिड जवळपासही ठेवू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.
2. टाकीतल्या पाण्याच्या चार 20 लिटरच्या बादल्या भरा. त्यांत अनुक्रमे 2, 4, 6 आणि 8 मिलिलिटर द्रावण घालून ढवळा. म्हणजे लिटरमागे 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅम क्लोरिन पडले.
3. अर्धा तास थांबा. मग डीपीडी गोळीच्या (क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या) किटने प्रत्येक बादलीतला उरलेला क्लोरिन बघा. गुलाबी रंग जितका गडद तितका क्लोरिन जास्त.
4. जिथे लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमच्या आसपास उरले, तो तुमचा डोस. समजा दुसरी बादली निघाली, तर 10,000 लिटरच्या टाकीला 1 टक्क्याचे 2 लिटर द्रावण लागेल.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने किंवा नुसते निवळू देऊन गाळ बसवा. गढूळ पाण्यात क्लोरिन फुकट जातो. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून डबा घट्ट, सावलीत आणि कोरड्या जागी ठेवा. पालिकेच्या लाइनचे पाणी आधीच क्लोरिनयुक्त असेल तर फक्त कमी पडलेली भर घाला.

तपासणी टाकीवर संपत नाही. आठवड्यातून काही घरांत जाऊन साठवलेल्या भांड्यातले पाणी तपासा. तिथे 0.2 मिलिग्रॅमच्या खाली क्लोरिन गेला असेल, तर दोष बहुधा भांड्यात असतो: तोंड रुंद, झाकण नाही, वाटी बुडवून पाणी घेतलेले. अरुंद तोंडाचे, तोटी असलेले पिंप पिण्याच्या पाण्यासाठी वेगळे ठेवले की फरक लगेच दिसतो. साथीच्या दिवसांत क्लोरिन संपलाच तर पाणी खळखळून उकळा. एक मिनिट पुरे.

दर, किल्ली आणि वही

मीटरच्या बिलात एक सापळा असतो. बऱ्याच शहरांत जास्त वापराला चढता दर असतो. तो उधळपट्टी करणाऱ्या बंगल्यासाठी ठेवलेला असतो, पण 50 कुटुंबे एका मीटरवर पाणी घेत असतील तर तीच सगळ्यात वरच्या टप्प्यात जातात आणि सगळ्यात महाग पाणी पितात. करार करतानाच लिहून घ्या की टप्पे कुटुंबांच्या संख्येने गुणले जातील, किंवा सरळ एकच घाऊक दर लागेल. जोडणी झाल्यावर हे मागायला गेलात तर वर्ष जाते.

भांड्याचा दर काढताना महिन्याचे बिल, नळ चालवणाऱ्याचा पगार, वीज, क्लोरिन आणि दुरुस्तीची शिल्लक यांची बेरीज करा आणि ती विकल्या गेलेल्या लिटरने भागा, आत आलेल्या लिटरने नव्हे. वरच्या उदाहरणात 36,000 लिटर आत येतात आणि 30,000 विकले जातात. दर 36,000 वर काढलात तर खर्चाचा सहावा हिस्सा दर महिन्याला कमी पडतो, आणि थकबाकी कुठून आली हे कुणालाच कळत नाही.

मालावीच्या लिलाँग्वे शहरात वस्त्यांतली पाणीकेंद्रे अशीच थकबाकीत बुडाली होती. पुढे पाणीवापर संघ उभे राहिले, पगारी माणसे नेमली गेली आणि हिशेब लागला. समितीत बाया असणे आवश्यक आहेच, पण त्यातल्या एकीकडे तरी किल्ली किंवा खजिनदारी असावी. हजेरीपुरत्या सह्या घेऊन काही बदलत नाही. किल्ल्या दोन ठेवा, दोन वेगळ्या घरांत. मीटरचे वाचन, जमा आणि खर्च दर आठवड्याला कोंडाळ्यावरच्या फळ्यावर खडूने लिहा.

कार्ड टाकून पाणी देणारी यंत्रेही आहेत. नैरोबीच्या माथारे वस्तीत ती 2015 मध्ये बसवली गेली. पैशांची गळती त्यांनी थांबते, पण यंत्र बिघडले की पाणीच बंद. घेतलीत तर हाताने चालणारी एक तोटी बाजूला ठेवाच.

सुरू झाल्यावर

पहिल्या महिन्यात एका रात्री सगळ्या तोट्या बंद करून टाक्यांकडे जाणारे व्हॉल्व्ह उघडे ठेवा. टाक्या भरून बॉल कॉक (टाकी भरली की आपोआप बंद होणारे तरंगत्या गोळ्याचे नळ) बंद झाले की लाइनमध्ये पाणी असताना मीटर वाचा आणि तासाभराने परत वाचा. काटा हलला असेल तर जमिनीखाली गळती आहे किंवा कुणीतरी लाइनला जोडून घेतले आहे. दर तिमाहीला टाक्या रिकाम्या करून घासा. आणि पुन्हा तेच बादली-घड्याळ घेऊन फिरा: रांग किती झाली, वरच्या गल्लीत प्रवाह किती आहे, भाडेकरूला तोच दर लागतो का.

मुख्य लाइन टाकतानाच प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी टोपी लावलेला 'टी' (पुढे फाटा काढता येईल असा जोड) सोडून ठेवा आणि पाइप एक माप मोठा घ्या. घरगुती जोडण्या आज ना उद्या येणार आहेत, आणि तेव्हा रस्ता परत खोदायचा खर्च कुणी देत नाही. जोडण्यांचे पैसे हप्त्यांत घेता येतील असे आधीच ठरवा. घरोघरी नळ आल्यावरही दोन कोंडाळी चालू राहू द्या. जोडणी न परवडणारी घरे, भाड्याच्या खोल्या आणि रस्त्यावर काम करणारी माणसे तिथेच भरतात.